क्रेस्टवरचा पक्षी

माझं काम बारकी चित्रं काढण्याचं. मोबाइलच्या पडद्यावर घंटा, पाकीट, कचऱ्याचा डबा असली जी चिन्हं दिसतात, ती कुणीतरी बसून काढलेली असतात. मोहालीतल्या एका कंपनीत ते बसून काढणारं माणूस म्हणजे मी. मिरजेत माझ्या आईला हे अजून पचलेलं नाही. "एवढं शिकून कचऱ्याचा डबा?" असं ती दर दिवाळीला विचारते.

नवरा हवाई दलात वैमानिक आहे. लग्न ठरलं तेव्हा मी मैत्रिणींना 'पायलट' एवढंच सांगितलं होतं. विमान मालवाहू आहे, हे जरा उशिरा कळलं. चंदीगडहून पहाटे निघायचं, डोंगर ओलांडून लडाखात बटाटे, अंडी, रॉकेल, टपाल उतरवायचं, सुट्टीवर निघालेले जवान भरायचे आणि दुपारी जेवायला घरी. येताना अंगाला कांद्याचा वास. मैत्रिणींना मी हे सांगितलं नाही.

प्रत्येक स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं, आपलं एक बोधचिन्ह असतं. सगळे त्याला क्रेस्ट म्हणतात. वर सिंह, भोवती गोल कडं, मध्ये एखादा प्राणी आणि खाली पट्टीवर संस्कृत वचन. चौकट सगळ्यांची ठरलेली, त्यामुळे आपलं वेगळेपण काय ते मधल्या प्राण्यानं दाखवायचं. नव्या क्रेस्टला थेट राष्ट्रपतींची मंजुरी लागते आणि एकदा ती मिळाली की पिसाचं टोकसुद्धा हलवायचं नाही. पॅचला मात्र असली बंधनं नाहीत. पॅच म्हणजे दंडावर चिकटवायचा कापडी तुकडा. त्यावर पोरं मनाला येईल ते काढून घेतात, पाहुण्या स्क्वाड्रनशी अदलाबदल करतात आणि कुणाचं लक्ष नसलं की त्यांच्या विमानाच्या दारावर आपला स्टिकर डकवून येतात. मोठी माणसं आहेत, जबाबदारीची कामं करतात, पण स्टिकर म्हटलं की सगळे सहावीतले.

आमच्या क्रेस्टवर ससाणा होता. वचन होतं 'नयाम आनयामः', आम्ही नेतो, आम्ही आणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "हे तर कुरिअर कंपनीचं वाटतं." नवरा दिवसभर बोलला नाही. स्क्वाड्रनमध्ये सगळे स्वतःला 'फाल्कन' म्हणवून घेत. एका मिशाळ तरुण अधिकाऱ्यानं तर मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर ससाणा रंगवून घेतला होता, डोळ्यांतून ज्वाळा निघणारा.

स्क्वाड्रनचा हीरक महोत्सव जवळ आला होता. जानेवारीतल्या एका चहापानात सीओ, म्हणजे स्क्वाड्रनचे प्रमुख, माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅम, आप लोगो बनाती हैं ना? हमारा क्रेस्ट थोडा साफ कर दीजिए. छपाईवाला कहता है, फोटो फट रहा है."

फाटणं म्हणजे मोठं छापताना चित्र धुरकट होणं. मी हो म्हटलं. एका संध्याकाळचं काम वाटलं मला.

नवऱ्याला सांगितलं, जिथे जिथे क्रेस्ट असेल तिथला फोटो काढून आण. त्यानं आणलेले फोटो मी स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले आणि हसत सुटले. फाटकावरचा ससाणा चिडक्या हेडमास्तरांसारखा होता. कॉफीच्या मगवरचा कोंबडीच्या वळणावर गेला होता. पाण्याच्या टाकीवर ज्यानं रंगवला होता त्यानं त्याला पोपटाची चोच बहाल केली होती. टायवरचा एवढा बारीक की डाग समजून कुणी धुवायला टाकावा. प्रत्येकानं आधीच्याची नक्कल केली होती आणि प्रत्येकानं आपल्या पदरचं थोडं घातलं होतं.

"यातला खरा कुठला?" मी विचारलं.

नवरा म्हणाला, "मूळ चित्र सरांच्या ऑफिसात आहे. फ्रेममध्ये, खुर्चीच्या मागे."

"मग त्याचा फोटो का नाही आणलास?"

"सरांच्या मागे जाऊन कसा काढणार?"

शेवटी सीओंनी मलाच बोलावलं. खुर्चीमागच्या भिंतीवर काचेआड तो होता. हातानं रंगवलेला, रंग अजून ताजे, खाली सही. मी टॅब्लेट घेऊन अगदी जवळ उभी राहिले. नवरा दाराशी, आणि तो मिशाळ अधिकारी सीओंच्या सह्या घ्यायला आला होता तो तिथेच रेंगाळलेला.

आधी भुवया बघितल्या. फाटकावरच्या ससाण्याला रागीट करणाऱ्या दोन काळ्या भुवया इथे डोळ्यांवर नव्हत्याच. त्या डोक्याच्या मागच्या बाजूला होत्या, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. मग चोच बघितली. आकडा नाही, सरळ आणि चपटी. मग पाय. पोटाशी दुमडलेले, आणि बोटांच्या मध्ये पडदा.

मी तीन वेळा पाहिलं. मग म्हटलं, "सर, ये फाल्कन नहीं है."

"मतलब?"

"हंस है. हिमालय पार करके आते हैं ना सर्दियों में, वो वाला."

सीओ उठले. चष्मा लावला. चित्राच्या इतके जवळ गेले की काचेवर वाफ धरली.

"हंस," सीओ म्हणाले.

"जी सर. बदकांच्याच खानदानातला," मी म्हटलं, आणि तिथेच चुकले. बदक हा शब्द मी उच्चारायला नको होता.

मिशाळ अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. "मॅम, पक्का?"

"पक्का."

संध्याकाळपर्यंत साऱ्या स्क्वाड्रनला कळलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणीतरी नुसतं 'क्वॅक' लिहून गेलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या स्क्वाड्रनमधून पावाचं एक पाकीट आलं, वर चिठ्ठी: पक्ष्यांसाठी. नवरा घरी येऊन म्हणाला, "तुला पिसं मोजायला कुणी सांगितलं होतं?" मला हसू आवरेना, आणि मग त्यालाही.

पण सीओंना गप्प बसवेना. एवढी वर्षं आपण ससाणा म्हणत आलो, मग मुळात हा हंस काढला कुणी, आणि का? स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हाच्या वैमानिकांपैकी आता प्रवास करण्याजोगं कुणी उरलं नव्हतं. त्यातल्या एकाच्या पत्नी मात्र चंदीगडातच राहत होत्या. निवृत्तीनंतर दोघांनी इथेच घर बांधलं होतं. पती जाऊन काही वर्षं झाली होती. महोत्सवाचं आमंत्रण त्यांना द्यायचंच होतं. सीओ म्हणाले, "वो भी मराठी हैं. आप दोनों जाइए. और ज़रा पूछ लीजिए."

रविवारी सकाळी धुकं उठल्यावर आम्ही गेलो. जुन्या सेक्टरमधलं विटांचं बुटकं घर, पुढे हिरवळ, कोपऱ्यात किनूचं, म्हणजे इकडच्या संत्र्याचं, झाड फळांनी वाकलेलं. त्या उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, केस पांढरेशुभ्र, पायात लोकरीचे मोजे. नवऱ्यानं सवयीनं "गुड मॉर्निंग, मॅम" म्हटलं.

"मॅम कशाची? काकू म्हण," त्या म्हणाल्या. "कुठले तुम्ही? मिरज? मी नागपूरची, धरमपेठेतली. या, बसा. नातवंडांशी मराठीत बोलते तर सारं समजते त्यांना, पण उत्तर हिंदीत. आज जरा जिभेला बरं वाटेल."

किनू आले, चिवडा आला. आमंत्रण देऊन झालं. मग मी टॅब्लेट काढला आणि नुकतंच काढलेलं क्रेस्टचं चित्र त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, "काकू, हा पक्षी कुठला ते तुम्हाला ठाऊक आहे का? सगळे ससाणा म्हणतात."

त्यांनी चित्र पाहिलं आणि हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं.

"ससाणा? बाप्पा! ससाणा काय बटाटे उचलणार आहे का?" त्या म्हणाल्या. "हंस आहे तो. मीच काढला होता. पण याची मान कुठे गेली?"

नवऱ्याच्या हातातला किनू तसाच राहिला.

काकूंचं तेव्हा नवीन लग्न झालेलं. एका खोलीचं घर, फोन नाही, शेजारी दुसऱ्या वैमानिकाची बायको, तीही तशीच नवखी. दोघींचे नवरे एके सकाळी दोन विमानं घेऊन डोंगरांपलीकडे गेले. दुपारी जेवायला यायचे, ते आलेच नाहीत. भाजी गार झाली. संध्याकाळी सायकलवरून एक जवान सांगत आला, दोन्ही विमानं वरच आहेत, एकाचं इंजिन सुरू होत नाही.

"बिघडलं होतं शेजारणीच्या नवऱ्याचं," काकू म्हणाल्या. "आमचं विमान ठीक होतं. हे खाली येऊ शकत होते. पण यांच्या विमानात मेकॅनिक होता, तो उतरून कामाला लागला, मग हे कसे निघतील? थांबले. थंडी अशी की हात लावला तर लोखंडाला कातडी चिकटे. आणि इकडे मी! खरं सांगू? मला राग आला होता. म्हटलं, दुसऱ्याचं इंजिन, तुम्हाला काय करायचं?"

"मग?" मी विचारलं.

"मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर बसून राहिलो. दुपार उलटली. आधी एक आवाज आला. आम्ही एकमेकींकडे पाहिलंच नाही. कोणाचं विमान असेल ते कसं विचारायचं? आणि मग त्याच्या मागोमाग दुसरा आवाज आला." काकूंनी किनूची साल एका बाजूला सारली. "माझा राग तिथेच गेला. दोन आवाज होते, बस."

काका घरी आले ते तोंड काळं झालेलं, ओठ फुटलेले. चहा घेता घेता त्यांनी सांगितलं की पहाटे इंजिन तापवत होतो तेव्हा वरून हंसांचा थवा गेला, फार मोठ्यानं ओरडत. एक हंस मागे पडला होता. तर पुढचे दोन मागे आले आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी उडू लागले.

"पक्ष्यांचं शास्त्र मला माहीत नाही," काकू म्हणाल्या. "हे म्हणाले ते मी सांगून राहिले."

पुढे काही महिन्यांनी क्रेस्ट ठरवायची वेळ आली. कुणाला वाघ हवा होता, बहुतेकांना ससाणा. काकांनी हंस म्हटल्यावर सगळे खो खो हसले. तेव्हाचे सीओ म्हणाले, हसू नका, चित्र घेऊन ये, मग बघू. काकांना सरळ रेघ मारता येत नव्हती. काकूंनी शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या, पण असला हंस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मग जेवणाच्या टेबलावर काकू काढायच्या आणि काका समोरून दुरुस्त करायचे: पंख मोठे, पट्ट्या दोन, आणि मान लांब, अजून लांब. काकूंच्या वैतागाची सीमा झाली तेव्हा एकदाचा तो उडाला. सीओंनी चित्र बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ससाणा झडप घालून नेतो खरं, पण परत काही आणत नाही. तिथूनच ते वचन आलं.

"मग मानेचं काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. त्याला आता उत्सुकता माझ्याहून जास्त.

"दिल्लीला गेलं चित्र, आणि मंजूर होऊन आलं तर मान आखूड! गोल कड्यात मावत नव्हती म्हणे. मी दोन दिवस धड जेवले नाही. हे म्हणाले, अगं, पक्षी राहिला ना? मान गेली तर गेली."

माझ्या धंद्यात हे रोजचंच. चौकोनात न मावणारं चित्र दाबून बसवण्यात माझी अर्धी नोकरी जाते. आखूड मानेचा हंस, डोक्यामागे पट्ट्या. पुढच्या रंगाऱ्यांनी पट्ट्या पुढे सरकवून भुवया केल्या, चोचीला बाक दिला आणि झाला ससाणा. यात कुणाचं काही चुकलं असंही म्हणता येईना.

"तुमचं ते मूळ चित्र आहे का अजून?" मी विचारलं.

"छे गं. इतक्या बदल्या झाल्या, कुठे राहते?"

मी टॅब्लेटवर कोरं पान उघडून पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, एक रेघ मारली, आणि हात थरथरला तशी रेघही थरथरली. त्यांनी पेन परत माझ्याकडे दिलं.

"तू काढ. मी सांगते," म्हणाल्या. खुर्ची माझ्या शेजारी ओढून घेतली आणि बोट दाखवत सुरुवात केली. "पंख असे. नाही, इतके नाही. आता मान. लांब. अजून लांब. अगं, अजून!"

ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही तो हंस काढत होतो. नवऱ्यानं तोवर अर्धं झाड रिकामं केलं होतं.

परतल्यावर मी सीओंना सगळं सांगितलं. त्यांनी सरळ निर्णय दिला. क्रेस्ट मंजूर झाला तसाच राहील, आखूड मानेचा, पण चोच, पट्ट्या आणि पाय ऑफिसातल्या फ्रेममधल्या चित्राबरहुकूम. फाटक, टाकी, कॉफीचे मग, सगळं नव्यानं. आणि महोत्सवाचा पॅच मात्र काकूंच्या हंसाचा, पूर्ण लांब मानेचा.

तरुण मंडळी खूश नव्हती. मिशाळ अधिकारी मला कँटीनबाहेर गाठून म्हणाला, "मॅम, हंस देख के दुश्मन डरेगा नहीं, ब्रेड फेंकेगा." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, आधी काकूंना भेट, मग बोलू.

बावीस सेक्टरच्या बाजारातल्या भरतकामवाल्या सरदारजींनी पॅच भरून दिले. लांब मान सुईला नीट उतरेपर्यंत त्यांनी तीन नमुने केले.

महोत्सवाचं जेवण हिरवळीवर होतं. काकू कोसा रेशमाची साडी नेसून आल्या, खांद्यावर शाल. सीओंनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या नागपुरी हिंदीत बोलल्या, माइक हातात न घेता, त्यामुळे सगळ्यांना खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या. बटाट्यांच्या वाक्याला हशा पिकला. मग त्यांनी गच्चीवरच्या दुपारचं सांगितलं. पहिला आवाज आला आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही, इथे त्या आल्या तेव्हा माझ्या आसपास बसलेल्या बायकांपैकी कुणीही हसत नव्हतं. आम्हा प्रत्येकीनं कधी ना कधी दुपारचं जेवण झाकून ठेवून आकाशाकडे कान लावलेला. शेजारच्या खुर्चीवरचा नवरा आपल्या बुटांकडे बघत होता. मी त्याचा हात धरला. गणवेशात असताना त्याला ते आवडत नाही, पण त्यानं सोडवून घेतला नाही.

पहिला पॅच सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याला लावायचं ठरलं होतं. तो होता आमचा मिशाळ. काकूंचा हात पोचावा म्हणून तो गुडघ्यावर बसला. त्यांनी दंडावर हंस दाबून बसवला, वरून दोनदा थोपटला. तो हळूच म्हणाला, "मॅम, एक प्रॉब्लेम है. मेरी बाइक पे फाल्कन है."

काकूंनी क्षणभर विचार केला. "गर्दन लंबी करवा लो, बेटा."

त्यानं खरंच करवून घेतली. ज्वाळा मात्र ठेवल्या. लांब मानेचा, डोळ्यांतून आग ओकणारा हंस सध्या चंदीगडच्या रस्त्यांवर फिरतो आहे, आणि शपथेवर सांगते, तो ससाण्यापेक्षा भीतिदायक दिसतो.

पॅचची मागणी वाढली. पाहुणे येतात ते हंस मागून नेतात. नवरा सांगतो, लांबच्या कुठल्याशा तळावर त्याला एका शीतकपाटाच्या दारावर आमचा हंस चिकटलेला दिसला.

रविवारी मी काकूंकडे जाते. आम्ही मराठीत भरपूर बोलून घेतो. मुलानं त्यांना टॅब्लेट घेऊन दिला, मी चित्रं काढायचं शिकवलं. त्यात एक सोय असते, थरथरती रेघ आपोआप गुळगुळीत करण्याची. ती मी त्यांना कौतुकानं सुरू करून दिली होती. परवा त्या म्हणाल्या, "हे बंद कर बाई. रेघ चांगली येते, पण मी काढली असं वाटत नाही."

मी बंद केली. मग त्यांनी पान कोरं केलं आणि झाडावर येऊन बसलेला बुलबुल काढायला घेतला.